अकरा वर्षं घट बसला नाही, आता कुळाचार पुन्हा कसा धरायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमची कुलदेवी तुळजाभवानी. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून घरात घट बसलेला नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता मी देवाला शिवायची नाही," आणि देवांचे टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या प्रतिमा, फडक्यात गुंडाळून कपाटात गेले. आता मुलाच्या लग्नाचं बघताय, दोन स्थळं जुळता जुळता मोडली. तेव्हा एका गृहस्थांनी कुलदेवीचा कोप सांगून मोठ्या खर्चाची शांती करायला सांगितली आहे. तुम्ही विचारलंय की ती शांती करावी का, तुळजापूरला कधी यावं (पितृपंधरवड्यात देवी झोपलेली असते असं तुमच्या कानावर आलंय), आणि घट बसवायचा तर त्याचा बरोबर विधी कोणता.

मी तुळजापूरचा, भोपे म्हणजे आईच्या पुजारी घराण्यातला. तीस वर्षांहून जास्त काळ पूजेच्या पाळीला उभा राहतोय. असा प्रश्न घेऊन येणारं कुटुंब आठवड्यातून एक तरी भेटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शांतीचं. करू नका. खंडित कुळाचारासाठी आईच्या देवळात अशी कोणतीही दंडाची पूजा नाही, आणि आमच्या वडिलांनी-आजोबांनी कुणाला ती सांगितल्याचं मला आठवत नाही. घरात मृत्यू झाला, सुतक आलं आणि त्या वर्षी घट बसला नाही, यात चूक काहीच नव्हती. सुतकात घट बसवतच नाहीत. पुढच्या वर्षी बसवायला हवा होता, तो राहिला. बस्स, एवढंच झालंय. स्थळं मोडण्याचा त्याच्याशी संबंध जोडणारा माणूस तुमच्या भीतीवर हात ठेवतोय.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. कुळाचार घरातल्या एकाच माणसाच्या हाताने चालत होता, तो हात थांबला, आणि बाकीच्यांना तो कसा करतात हेच माहीत नाही. आता तुम्ही बाहेर "बरोबर विधी" शोधताय. बाहेर तो मिळणार नाही, कारण तुळजाभवानीचा म्हणून एकच छापील कुळाचार नाही. तो घराचा असतो. एकाच गावातल्या, एकाच आडनावाच्या दोन भावकींत फरक असतो. कुणाकडे पाचव्या माळेला कडाकण्यांचा फुलोरा बांधतात, कुणाकडे सातव्या. कुणाकडे नवमीला बोकडाचा मान, तर कुणाकडे पुरणावरणाशिवाय काही चालत नाही. कुणी नऊही दिवस उपास धरतं, कुणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या माळेला. मी तुम्हाला एक यादी लिहून दिली तर ती माझ्या घराची होईल.

आता देवीच्या झोपेबद्दल, कारण यात फार गैरसमज आहेत.

साडेतीन पीठांत आमच्या आईचं एक वेगळेपण आहे. माहूरला रेणुकेचं मुख आहे, वणीला सप्तशृंगी डोंगराच्या कड्यातच कोरलेली आहे, तिथे देव जागेवरून हलवण्याचा प्रश्नच नाही. तुळजापूरची मूर्ती चल आहे. काळ्या गंडकी शिळेची, साधारण तीन फूट उंचीची, अष्टभुजा. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून शेजघरातल्या पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत घोरनिद्रा. ती महिषासुराशी नऊ दिवस लढण्याआधीची विश्रांती. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, लढून आलेला शिणवटा घालवायची. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीचा आठवडा मोहनिद्रा.

घोरनिद्रेच्या आधी गाद्यांचा कापूस निवडायला बायका जमतात, आणि तो पिंजायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान पिंजाऱ्याचा आहे. मूर्ती सिंहासनावरून उचलतात तो क्षण मी लहानपणापासून पाहतोय. एरवी "आई राजा उदो उदो"च्या गजराने गाभारा दणाणत असतो. आई पलंगावर टेकली की आवाज आपोआप खाली येतात. घरात दमून आलेलं माणूस झोपलं की आपण भांडंसुद्धा हळू ठेवतो, तसं. त्या दिवसांत आमच्या घरीही कुणी गादी-पलंगावर झोपत नाही.

म्हणजे पितृपंधरवड्यात अष्टमीनंतर आलात तरी दर्शन होतं, पलंगावरच्या आईचं होतं. मात्र सिंहासनावरचे पंचामृताचे अभिषेक आणि दह्याची किंवा श्रीखंडाची सिंहासनपूजा त्या काळात होत नाही, सुगंधी तेल लावतात. तुमच्या मनात पहिल्या भेटीला अभिषेक करायचा असेल तर निद्रेचे दिवस सोडून या. नुसतं भेटायचं असेल तर झोपलेल्या आईला भेटायला कसली मनाई? "देवी झोपलीय, गाऱ्हाणं पोचणार नाही" असं सांगणाऱ्याला ही परंपराच कळलेली नाही.

दसऱ्याचं एवढ्यासाठी सांगतो की तुमच्या भागाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. तुम्ही मूळ जुन्नरकडचे, असं लिहिलंय. आईचा पलंग दरवर्षी नवा येतो, तो त्याच बाजूने जुन्नर-नगर असा मुक्काम करत. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तिथल्या तेली समाजाच्या भगत घराण्याच्या मानाची. दसऱ्याच्या रात्री ती पोचते आणि पहाटे मूर्तीला एकशेआठ साड्यांचं दिंड गुंडाळतात. त्या एका घडीला आईचा चेहरा तेवढा दिसतो, बाकी सगळं लुगड्यांत. मग पालखीतून देवळाला प्रदक्षिणा, पिंपळपारावर विसावा आणि तिथून आत नव्या पलंगावर. तुमच्या गावावरून पलंग जात असेल तर म्हाताऱ्या माणसांनी त्याला खांदा दिलेला असतो किंवा ओटी भरलेली असते. हे घरात विचारा. आठवणीचं एक टोक तिथेही सापडेल.

आठवण जमवायची कशी, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

पहिली जागा घरच. पण सासूबाईंना "कुळाचार काय होता?" असं विचारू नका. असं विचारलं की माणूस "सगळं तेच करायचे, मला काय ठाऊक" म्हणून मोकळं होतं. त्यांना स्वयंपाकघराचं विचारा. घट उठायच्या दिवशी काय रांधायच्या? पुरण किती डाळीचं? कडाकण्या कधी लाटायच्या, त्यात वेणी-फणी, जोडवी, पाळणा करायच्या का? वावरी म्हणजे घटाखालची काळी माती कुठल्या शेतातून यायची? माळ कशाची? मागे एक कुटुंब आलं होतं, त्यांच्या आजींना काहीच आठवेना. नातीने सहज विचारलं, "आजी, नवरात्रात तुला फुलं कोण आणून द्यायचं?" त्यावर आजी म्हणाल्या, "माझा दीर. तिसऱ्या माळेला कऱ्हाळाची पिवळी फुलं आणायचा, चिखलात भरून यायचा." आणि तिथून अर्ध्या तासात नऊही माळा निघाल्या. पहिली विड्याच्या पानांची, मग कऱ्हाळ, मग तिळाची फुलं, शेवटी झेंडू. मी नुसता लिहून घेत होतो.

दुसरी जागा भावकी. मोठ्या घरी घट बसत असेल तर यंदा एक दिवस तिथे जाऊन बसा. विभक्त झालेल्या घरांनी आपापला घट बसवायचा की मोठ्या घरीच एकत्र करायचा, हेही घराघरावर आहे. सासरे स्वतंत्र बसवत होते, म्हणजे तुमच्याकडे तो वेगळा निघालेला आहे, असं मी धरतो. पण एकदा विचारून घ्या.

तिसरी जागा आम्ही. तुळजापुरात प्रत्येक कुळाचा पुजारी ठरलेला असतो. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की चार ठिकाणी विचारत तुमच्या पुजाऱ्याच्या घरापर्यंत पोचता येतं. त्यांच्या वह्यांत तुमच्या घरची माणसं कधी आली, कोणत्या निमित्ताने आली, याच्या नोंदी असतात. माझ्याकडच्या एका जुन्या वहीत एका घराच्या नावापुढे शाईने एवढंच लिहिलंय: "नवसाची परडी, थोरल्या सुनेकडे." हे एक वाक्य त्या घराला चाळीस वर्षांनी कळलं. मग माळ्यावर शोधल्यावर वेताची परडी आणि कवड्यांची माळ सापडली. मात्र वहीत नोंद सापडेलच, असा शब्द देता येत नाही. काही वह्या भिजल्या, काहींना वाळवी लागली, काही वाटण्यांत गेल्या. नाव सापडलं नाही तर खट्टू होऊ नका, आजपासून नोंद सुरू होते.

हे सगळं करूनही काही धागे निसटलेलेच राहतील. तिथे माझा सल्ला असा: जे आठवलं तेवढं करा, जे आठवलं नाही ते दुसऱ्याच्या घरचं उचलून भरू नका. पहिल्या वर्षी पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू-ज्वारी, मधे मातीचा घट, पाण्यात सुपारी आणि नाणं, वर नागवेलीची पानं आणि नारळ, बाजूला अखंड दिवा, रोज एक माळ आणि सांजसकाळ आरती. एवढं तुळजाभवानीच्या बहुतेक घरांत सारखं असतं, ते निर्धास्त करा. टाक बाहेर काढा, चिंचेने घासा, पाण्याने धुवा, पुसून विड्याच्या पानावर मांडा. टाक झिजला असेल, डोळे-नाक पुसट झाले असतील, तरी फुटला-मोडला नसेल तर बदलू नका. नवे टाक घ्यायची घाई बहुतेक वेळा दुकानदाराची असते. अखंड दिव्याचं मात्र नीट ठरवा. फ्लॅटमध्ये सगळे कामावर जाणार असतील तर बंद घरात पेटता दिवा ठेवू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरी त्यामुळे पडदा पेटला होता. घरात माणूस असेल तेवढा वेळ दिवा लावा आणि दारं लावून जाताना आईला सांगून शांत करा.

दिवस कोणता, हेही विचारलंय. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा सोडून या. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून रात्रभर चालत आलेली माणसं, कर्नाटकातून आलेले जथे, मानाच्या काठ्या... ते एकदा डोळे भरून पाहण्यासारखं आहे, पण वयस्क सासूबाईंना घेऊन पहिल्या भेटीला नाही. साधा बुधवार-गुरुवार बरा. आमचं देऊळ डोंगराच्या खोलगट भागात आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जावं लागतं. उतरताना गोमुख आणि कल्लोळ तीर्थावर पाय-तोंड धुवायची जागा येते. खाली जाणं सोपं वाटतं, परत चढताना गुडघे बोलतात, तेवढी ताकद राखून ठेवा. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या आणि ऐपतीप्रमाणे साडी. याहून काही लागत नाही. मुलाचं लग्न झालं की जोडीने पुन्हा या आणि घरी गोंधळ घाला. आमच्या देवीचे गोंधळी कदमराई, रेणुकेचे रेणुराई. तुमच्याकडे कोण येत होते हेही सासूबाईंनाच माहीत असेल.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: शांती नको, निद्रेत दर्शन चालतं पण अभिषेक नाही, विधी आपल्याच घरात शोधायचा, आणि पहिल्या वर्षी आठवेल तेवढाच करायचा.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीबद्दल. "सासूबाई विधवा असल्यामुळे त्या घटाला हात लावत नाहीत, म्हणून विधी माहीत असलेलं घरात कुणी नाही." ताई, ही एक गाठ सुटली की बाकी सगळं सोपं आहे. म्हणून तुळजापूरची मूळ कथा सांगतो. ती तुम्ही सासूबाईंना वाचून दाखवा.

कृतयुगात कर्दम नावाचे ऋषी होते. त्यांची बायको अनुभूती. मूल अगदी तान्हं असताना कर्दम गेले. अनुभूती सती जायला निघाली, पण पदरी लेकरू, म्हणून थांबली. बाळाला आश्रमात ठेवून मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाच्या दैत्याची नजर तिच्यावर गेली. त्याने तिचा तपोभंग केला, तिच्या अंगाला हात घालू पाहिला. तेव्हा तिने आदिशक्तीचा धावा केला, आणि आई क्षणाचाही वेळ न लावता धावून आली. त्वरित आली म्हणून त्वरिता. त्वरिताची तुरजा झाली, तुरजाची तुळजा. कुकुराने रेड्याचं रूप घेतलं, आईने त्याला त्रिशुळाने मारलं, आणि अनुभूतीने विनवलं म्हणून ती इथे यमुनाचलावर कायमची राहिली.

आमच्याकडे म्हणतात, आई कृतयुगात अनुभूतीसाठी आली, त्रेतायुगात श्रीरामासाठी, द्वापरात धर्मराजासाठी आणि कलियुगात छत्रपती शिवरायांसाठी. रामाची खूण इथल्या घाटशीळेवर आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाची परीक्षा बघायला आई सीतेचं रूप घेऊन आली, रामाने ओळखून विचारलं, "तू का आई?" आणि तिचं नाव तुकाई पडलं. महाराजांची ही कुलदेवता. 1659 मध्ये अफजलखान तुळजापुरावर चालून आला, आणि पुढे 1661 मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. पण या सगळ्यांच्या आधी, पहिली हाक कुणाची? रामाची नाही, राजाची नाही. नवरा गेलेल्या, लहान मूल पदरात असलेल्या एका बाईची. तिच्या हाकेला लवकर आली म्हणून तर आईचं नावच पडलं.

मूर्तीजवळ उभं राहायची पाळी आली की हे मला रोज दिसतं. आईच्या हातात त्रिशूळ, चक्र, शंख, धनुष्य-बाण, एका हातात दैत्याची शेंडी, पाठीवर भाता, पायाखाली महिषासुर. आणि पायथ्याशी एक लहानशी तपस्विनी कोरलेली आहे. तीच अनुभूती. सकाळी चरणतीर्थाच्या वेळी आईच्या पायावर पाणी घालतो, ते तिच्यापर्यंत पोचतं. अभिषेकाचं दूध-दही आईच्या अंगावरून ओघळून तिच्यावर येतं. ज्या बाईला आईने स्वतःच्या पायाशी जागा दिली, तिच्यासारख्याच बाईने घटाला शिवायचं नाही, हा नियम आईचा असू शकत नाही. तो माणसांनी घातलेला आहे. याबाबत आमच्यातही सगळ्यांचं एकमत आहे असं मी म्हणणार नाही, काही जुनी घरं अजून मानतात. मी मानत नाही, आणि माझ्या आईनेही वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षीच घट बसवला.

सासूबाईंवर जोर मात्र करू नका. अकरा वर्षं त्यांनी स्वतःला दूर ठेवलंय, ते एका दिवसात जाणार नाही. यंदा माती तुम्ही आणा, घट तुमच्या मिस्टरांनी मांडावा, आणि धान्य पेरायची वेळ आली की त्यांना विचारा, "आई, आधी गहू टाकायचे का ज्वारी?" बहुतेक घरांत मी हेच झालेलं पाहिलंय: उत्तर तोंडाने येत नाही. म्हातारी माणसं पुढे सरकतात, ताटातलं धान्य ओंजळीत घेतात आणि करून दाखवतात.

तुळजापूरला आलात की त्यांनाच पुढे ठेवा, ओटीही त्यांच्याच हाताने. आणि तुमच्या मूळ गावाचं नाव आणि आडनाव एका कागदावर लिहून आणा, सासऱ्यांचं आणि त्यांच्या वडिलांचंही. वहीत शोधायला ती तीन पिढ्यांची नावं लागतात.